कोळ्याचं सूत, बुरशीचं सूत

इर्विन चौकातला सिग्नल लाल झाला, संघपालनं स्कूटर थांबवून एक पाय रस्त्याला टेकवला, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की काल संध्याकाळी फोनवरच्या खेळात ज्योत्स्ना हरली खरी, पण शनिवारी कोणत्या गाडीनं येणार ते तिनं सांगितलं नाही. गोष्ट एवढीशीच. चौक नेहमीसारखा होता. समोरच्या ऑटोत शाळेची पोरं मागे तोंड करून बसली होती आणि त्यांतला एक जण त्याच्याकडे बघत पेरू खात होता. नोव्हेंबरचं ऊन अंगाला अजून बरं वाटत होतं. हरलेल्यानं गाडी सांगायची हा काही कुणी घालून दिलेला नियम नव्हता, पण एकोणीस वर्षांत तो मोडलाही नव्हता. फोन ठेवण्याआधी ती म्हणायची, 'दोनची धरते', किंवा 'प्रॅक्टिकल हाये, उशिरा येईन', आणि तो 'बरं' म्हणायचा. काल ती 'जिंकला तू' म्हणाली आणि फोन बंद झाला. त्यानंतर आपण पाणी प्यायलो, पंखा एकवर केला आणि सुखानं पेपर तपासायला बसलो, हेही त्याला आठवलं. मागच्या मोटरसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. "ओ सर, उठा, हिरवा झाला," असं म्हणत तो बाजूनं निघून गेला. अमरावतीत प्राध्यापकाला लोक मान देतात, पण सिग्नलवर देत नाहीत.

संघपाल तायडे शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होता, आणि त्याची बायको ज्योत्स्ना त्याच संस्थेच्या अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र. एम.एस्सी.ला दोघं एकाच इमारतीत होते, तो खालच्या मजल्यावर, ती वरच्या. त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच राहिलं. संघपालच्या आईनं, सुंदराबाईनं, थोडे दिवस नाक मुरडलं, मग तिच्याही कानांना सवय झाली. ज्या शहरांत नोकऱ्या लागल्या त्या शहरांत दोघांनी घरं केली. 'सध्या असू दे, पुढे बघू' असं ठरलं, आणि ते 'पुढे' पुढेच सरकत राहिलं. मूल झालं नाही. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाणं काही वर्षं चाललं, मग तेही थांबलं, आणि थांबल्यावर कोणी कोणाला दोष दिला नाही याचा संघपालला जरा अभिमान होता. शनिवारी कोणी कोणाकडे जायचं यावरून मात्र पहिल्याच वर्षी कडाक्याचं भांडण झालं. तेव्हा ज्योत्स्नानंच तोडगा काढला. मंगळवारी फोनवर त्यानं एक प्राणी सांगायचा, तिनं एक झाड, आणि आळीपाळीनं दोघांतली साम्यं सांगत जायचं. साम्यं आटली की भेद. ज्याला आधी सुचेनासं होईल तो हरला, आणि हरेल त्यानं शनिवारी गाडी धरायची. बाकीचे नवरा-बायको फोनवर भाजी काय केली ते विचारतात. हे दोघं वटवाघूळ आणि वडाचं झाड घेऊन बसायचे, गांडूळ आणि मनीप्लांट घेऊन बसायचे. बेडूक आणि शिंगाड्यावर एकदा तासभर गेला होता. बहुतेक वेळा संघपाल जिंकायचा. आपली स्मरणशक्ती चांगली आहे, असं तो समजत आला होता.

काल त्याच्याकडे टॅरंटुला हा केसाळ कोळी होता आणि तिच्याकडे गॅनोडर्मा ही लाकडावरची बुरशी. टॅरंटुला त्यानं दिवाळीआधी मेळघाटात पाहिला होता. मुलांची सहल घेऊन परतवाड्यावरून वर गेला असताना एका जुन्या सागाच्या ढोलीत, डोक्याच्या उंचीवर, आधी फक्त चार पाय दिसले. राखाडी, केसाळ, ढोलीच्या काठावर अलगद टेकलेले. मुली किंचाळल्या, मुलांनी मोबाइल काढले, आणि संघपाल मात्र सगळे पुढे गेले तरी तिथेच उभा राहिला. त्या प्राण्याच्या बसण्यात कसलीच घाई नव्हती. आठ डोळे असून त्याला धड दिसत नाही. काठावरून कोणी चाललं तर ते त्याच्या पायांना कळतं, आणि तेवढं त्याला पुरतं. संघपालला त्याचा हेवा वाटला होता, आणि वर्गातल्या मुलांसमोर कोळ्याचा हेवा वाटणं बरं नव्हे म्हणून तो घाईनं जीपकडे गेला होता. ज्योत्स्नाची गॅनोडर्मा कौलखेडला तिच्या भाड्याच्या घराच्या अंगणातल्या शिरीषावर होती. बुडाशी, ताटलीएवढी, वरून तपकिरी आणि व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत. घरमालकीण तानुबाई तिला झाडाचा कान म्हणायच्या. बुरशी ही वनस्पती नव्हे हे दोघांनाही पाठ होतं, पण विद्यापीठानं ती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात घातली होती, म्हणून ती ज्योत्स्नाच्या वाटणीला.

"दोघांच्या अंगात कायटिन," तिनं सुरुवात केली होती. "कोळ्याची साल अन् बुरशीच्या पेशीची भिंत, माल एकच. झाडात नाई सापडत तो. मायी बुरशी झाडापेक्षा तुया कोळ्याच्या जवळची हाये."

"दोघंही जेवण भाईर पचवते अन् मंग आत घेते," तो म्हणाला. कोळी भक्ष्यावर पाचकरस सोडतो, त्याचं पाणी करतो आणि ओढून घेतो. बुरशीही लाकडावर आपला रस सोडते आणि विरघळलेलं शोषते. हा मुद्दा त्यानं दिवसभर राखून ठेवला होता.

"दोघं सूत काढते."

"हे साम्य नाई, भेद हाये," तो तत्परतेनं म्हणाला. "कोळ्याचं सूत कोळ्याच्या भाईर राह्यते. तो ते सोडून दुसऱ्या ढोलीत जाऊ शकते. बुरशीचं सूत म्हणजेच बुरशी. ते काढून घेतलं तं मांगं काई उरत नाई."

"बरोबर हाये. देल्ला तुले तो," ती म्हणाली, आणि मग, "दोघांचा पत्ता एक. तुया कोळी ज्या ढोलीत बसून होता ना, ते त्यानं नाई कोरली. आधी बुरशीनं झाडाचा गाभा खाल्ला, वर्सानुवर्स, तवा कुठी ते जागा झाली. तो आयत्या घरात राह्यते."

मुद्दा फक्कड होता. संघपाल मनापासून हसला. तो हसत असतानाच तिनं विचारलं, "मी आली तं काय फरक पडन रे?"

विचारायला कारण होतं. अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे मनोज इंगळे महिनाअखेर निवृत्त होत होते, आणि संस्थेच्या सचिवांनी ज्योत्स्नाला विचारलं होतं, त्या जागेवर जाता का. गुरुवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतो. फोनच्या सुरुवातीलाच तिनं हे सांगितलं होतं, आणि 'बघू' म्हणून दोघं टॅरंटुलाकडे वळले होते. आता तिच्या तोंडून 'फरक' आला आणि संघपालच्या डोक्यात भेदाची फेरी सुरू झाली. तो बोटं मोडत सांगू लागला. शनिवारचा प्रवास वाचेल, हे एक. दोन घरांची झाडलोट, दोन सिलिंडर, दोन पाणीपट्ट्या यांचं एक होईल. मधल्या खोलीतलं माझं टेबल हलवावं लागेल, कारण तुझी पुस्तकं दुसरीकडे मावणार नाहीत. मी उशिरापर्यंत दिवा ठेवतो आणि तुला उजेडात झोप येत नाही. अकोल्याला तू जमवलेल्या बुरश्यांचा संग्रह तिथे कोणी पाहणार नाही, त्याला कसर लागेल. आणि सहावा मुद्दा, अकोल्यापेक्षा अमरावतीचा उन्हाळा एखाद्या अंशानं सौम्य असतो, तेव्हा त्या बाबतीत तुझा फायदाच आहे. सहावा त्याला बोलता बोलता सुचला होता आणि त्याच्यावर तो स्वतःच खूश झाला. तीही हसली होती. त्याला नक्की आठवत होतं, ती हसली होती. मग म्हणाली, जिंकला तू.

ती खेळत नव्हती. स्कूटर कॉलेजच्या फाटकातून आत घेताना हे त्याला इतकं स्वच्छ कळलं, की त्याला आश्चर्य वाटलं ते कळल्याचं नव्हे, काल न कळल्याचं. बाईनं नवऱ्याला विचारलं, मी तुझ्याकडे राहायला येऊ का, आणि नवऱ्यानं उन्हाळ्याचं तापमान सांगितलं. कुणाला सांगितलं तर लोक पोट धरून हसतील. जगात दुसऱ्या कुठल्या जोडप्याच्या हातून ही चूक झाली नसती, कारण दुसऱ्या कुठल्या जोडप्यानं एकोणीस वर्षं असला खेळ खेळला नसता. त्यानं तिला फोन लावला. ती वर्गावर असणार, घंटी वाजत राहिली. स्टाफरूममध्ये मनोज इंगळे आपलं कपाट रिकामं करत बसले होते. जुन्या परीक्षांचे कागद, वाळलेलं एक कमळ, चष्म्याची मोडकी दांडी असं टेबलावर काढून ठेवलं होतं.

"मॅडमचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं. "येत असतीन तं हे कपाट असंच ठेवतो. नाई तं देतो कोणाले."

"तिचं ती ठरवीन."

"अन् तुमचं काय म्हन्नं हाये?"

मनोज इंगळे सहज विचारत होते, त्यांना कपाटाशी मतलब. संघपाल म्हणाला, "घंटा झाली सर," आणि वर्गावर गेला. घंटा खरोखरच झाली होती, एवढं बरं. वर्गात त्यानं कोळ्याच्या पायांचे सात भाग काढले, नावं लिहिली, मुलींनी ती उतरवून घेतली, आणि फळा पुसताना त्याला वाटलं, की मनोजरावांच्या प्रश्नाला उत्तर नाही असं नाही. उत्तर आहे. ते फक्त याआधी कुणी विचारलं नव्हतं. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, स्कूटर स्टँडबाहेर लावली आणि अकोल्याची गाडी धरली. एकोणीस वर्षांत तो बुधवारी कधी अकोल्याला गेला नव्हता. न हरता तर कधीच नाही.

खिडकीजवळ जागा मिळाली. बडनेरा मागे पडलं, आणि दोन्ही बाजूंना काळी वावरं सुरू झाली. सोयाबीन निघून गेलेलं, कापूस फुटलेला, बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. संघपालला हा रस्ता पाठ होता, पण शनिवारचा. बुधवारच्या बसमध्ये माणसं वेगळी दिसतात. तिच्यात बायकोकडे निघालेला नवरा नसतो, कोर्टकचेरीची आणि दवाखान्याची माणसं असतात. आपण काय सांगायला चाललो आहोत, ते त्यानं मनात जुळवून पाहिलं. 'ये.' एवढंच तर म्हणायचं होतं. त्या शब्दात काही जड नव्हतं. आणि तरीही मूर्तिजापूर येईपर्यंत तो शब्द त्यानं एकदाही तोंडातल्या तोंडात म्हटला नाही, कारण म्हणायला गेलं की मधल्या खोलीतलं टेबल डोळ्यांसमोर येत होतं. ती आली की ती घरभर होईल. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत, तिथून त्याच्या खोलीत, कपाटात, खुंट्यांवर, त्याच्या गप्प बसण्यातसुद्धा. हा विचार बुरशीबद्दलचा होता, बायकोबद्दलचा नव्हता, हे त्याला कळत होतं, आणि कळूनही तो जात नव्हता. त्याची त्याला लाज वाटली. मग त्याला तिचं वाक्य आठवलं, ढोली कोळ्यानं नाई कोरली. त्याचं ते अमरावतीचं घर, त्यातली ती गार, एकट्याची शांतता, जिचा तो एवढा लोभी होता, ती त्यानं कुठे केली होती? पडदे तिनं शिवून लावले होते. डाळी-मसाल्यांच्या बरण्यांवर तिच्या अक्षरात नावं होती, म्हणून त्याला कुणाला विचारावं लागत नव्हतं. मोलकरीण तिनं ठरवली, पंखा तिनं दुरुस्त करवला, त्याच्या आईच्या आजारपणात दर्यापूरच्या मावशीला तिनं अमरावतीला आणून ठेवलं आणि मावशी त्याच्या खोलीत येणार नाही अशी व्यवस्था केली. शनिवार-रविवार येऊन येऊन ती त्याच्यासाठी एक पोकळी कोरत आली होती. आणि तो तिच्यात बसून समजत होता, की आपण फार स्वतंत्र माणूस आहोत.

मूर्तिजापूरला बस जरा जास्त थांबली. इथेच त्याचं लहानपण गेलं होतं. वडील बुधाजी रेल्वेत होते, आणि क्वार्टरची खोली एक, माणसं नऊ. आत्याची मुलं शिकायला, काका नोकरी शोधायला, कुणी दवाखान्यासाठी, सगळे त्या एका खोलीत. रुळांवरून नॅरोगेजची गाडी गेली की भिंतीवरची बुद्धाची तसबीर हलायची आणि आई ती पदरानं पुसून सरळ करायची. संघपालला स्वतःची म्हणून एकच जागा होती, लोखंडी खाटेखालची. पुढून वाकळ खाली सोडली की आत अंधार, पुस्तक वाचायला फटीतून येईल तेवढा उजेड. बाहेर नऊ माणसं बोलायची, भांडायची, हसायची, आणि त्यांची पावलं त्याला फरशीतून कळायची. आई कधी बाहेर ये म्हणाली नाही. जेवायच्या वेळी ती वाकळ जरा उचलायची, ताट आत सरकवायची आणि निघून जायची. माया म्हणजे हेच, असं तो तेव्हापासून समजत आला. कुणी आपल्याला बाहेर बोलावू नये, आणि ताट मात्र यावं. आई गेली तेव्हा त्याला रडू आलं नाही, आणि ज्योत्स्नानं ते कुणाच्या लक्षात येऊ दिलं नाही. विहारात ती त्याच्या पुढे उभी राहिली होती, लोकांना त्याचं तोंड दिसू नये अशी. बस निघाली. शेजारच्या माणसानं विचारलं, "अकोल्याले का? दवाखान्यात काय?" संघपाल 'हाव' म्हणाला, कारण बायकोकडे चाललोय असं बुधवारी म्हणायला त्याची जीभ वळली नाही.

कौलखेडला पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. अंगणात तानुबाई खाटेवर पाय सोडून वालाच्या शेंगा निवडत होत्या. ज्योत्स्नाचं घर त्यांच्या घराला लागूनच, मधे भिंतसुद्धा अर्धीच. त्यांनी त्याला पाहिलं आणि हातातली शेंग तशीच राहिली.

"आज बुधवारी कसे काय जी तुमी? बरं हाये ना समदं?"

"बरं हाये बाई. असाच आलो."

"असाच?" त्या म्हणाल्या. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

दार उघडंच होतं. आत रेडिओ लागला होता. ज्योत्स्ना रेडिओ ऐकते, हे त्याला माहीत नव्हतं. खोलीला वास वेगळा होता, वाळलेल्या लाकडाचा आणि कापराचा. शनिवारी इथे उदबत्ती आणि फोडणीचा वास असायचा. शनिवारी ही खोली आवरलेली असायची, आणि खिडकीजवळची वेताची खुर्ची त्याच्यासाठी मोकळी. आज त्या खुर्चीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बुरश्या रचल्या होत्या. पलंगावर मुलींचे प्रॅक्टिकलचे कागद, जमिनीवर चहाचा कप, त्याच्याशेजारी अर्धा उघडा भेळीचा पुडा. ज्योत्स्ना जमिनीवर मांडी घालून बसली होती, केस पेन्सिलीनं वर खोचलेले, चष्मा नाकावर, आणि भिंगातून काहीतरी बघत रेडिओबरोबर गुणगुणत होती. तिचा आवाज बरा होता. संघपाल उंबऱ्यावर उभा राहिला. हे घर आपली वाट बघणारं घर आहे, अशी त्याची समजूत होती. ते आठवड्यातून एक दिवस तसं वागत होतं, एवढंच. बाकी सहा दिवस ते भरलेलं होतं, काठोकाठ, आणि संघपालवाचून त्याचं काही अडलेलं दिसत नव्हतं. त्याला मत्सर वाटला, कुणाचा ते कळेना.

तिनं मान वर केली. एक क्षणभर तिच्या चेहऱ्यावर परक्याला पाहून येतं तसं काहीतरी आलं. मग ती उठली.

"काहून आला रे? काय झालं?"

"काई नाई झालं."

"बस ना." तिनं खुर्चीकडे पाहिलं, बुरश्या उचलायला वाकली, त्या दोन हातांत मावेनात, म्हणून तिनं त्या तशाच ठेवल्या आणि पलंगावरचे कागद सारून त्याला कोपऱ्यावर जागा करून दिली. रेडिओ बंद केला. रेडिओ बंद व्हायला नको होता, असं त्याला वाटलं.

"काल तू इचारलं," तो म्हणाला, "ते मले खेळ वाटला."

"हाव. माह्यती हाये मले."

"माह्यती होतं तं बोलली काहून नाई?"

ती पुन्हा जमिनीवर बसली. भिंग पुसलं. "तुयी यादी बरोबर होती संघपाल. सहाचे सहा मुद्दे. एकही खोटा नाई. टेबल हलवा लागन, खरं हाये. उजेडात मले झोप येत नाई, खरं हाये. मी पाहून राह्यली होती का तू सातवा सांगतो का. मले हारायचं होतं ना त्याच्यावर. उन्हाळा सांगून तू थांबला."

काल रात्री संघपाल पेपर तपासत होता, तेव्हा ती सातव्याची वाट बघत होती. आणि एक गोष्ट तिच्या बोलण्याच्या ओघात आली होती, ती आता त्याला टोचू लागली. "हारायचं होतं म्हंजे?" त्यानं विचारलं.

"अरे, मले शिंगाड्याचे अजून चाळीस मुद्दे येत होते," ती म्हणाली आणि हसली. रागानं नाही. "पन मले यायचं राह्यचं ना तुयाकडं. जिंकली असती तं कशी आली असती?"

बाहेर तानुबाई कुणाला तरी हाका मारत होत्या. संघपालला वाटलं, की आता काहीतरी घशाशी यायला पाहिजे. आलं नाही. पण त्यानं ठरवून, अवघड वजन उचलावं तसा, तो शब्द उचलला. "ये," तो म्हणाला. "मले पायजे तू. टेबल गेलं चुलीत. ये."

हे तो खरंच म्हणाला. ज्योत्स्नानं चष्मा काढला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलं नाही. "सकाळीच सांगून टाकलं रे सचिवायले," ती म्हणाली. "नाई म्हनून. दुपारी त्यायनं दुसऱ्या बाईले फोनही केला. मायी दामिनी नावाची विद्यार्थिनीच हाये ते, खामगावची. लय खूश झाली. आताच तिचा फोन येऊन गेला."

"परत सांगता येते."

"नाई येत. तिनं घरी पेढे वाटले असतीन."

ते खरंच होतं. संघपालनं त्या दामिनीचा विचार करून पाहिला, तिच्या पेढ्यांचा. त्याला तिचा राग येईना. खोलीत ऊन तिरपं आलं होतं आणि त्यात बुरश्यांच्या पुड्यांवरची धूळ दिसत होती. त्याला वाटलं, अजून एक वाट आहे. ती इतकी सरळ होती, की इतक्या वर्षांत ती कुणाच्याच तोंडी आली नाही याची त्याला मौज वाटली.

"मंग मी येतो," तो म्हणाला. "इथं. राह्याले. नोकरीची पाच वर्स राह्यली मायी. राजीनामा देतो. एवढं कोणाचं अडलं हाये मायावाचून."

ज्योत्स्नानं त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, भिंगातून पाहते तसं नाही, उघड्या डोळ्यांनी, माणूस आपल्या माणसाकडे पाहतो तसं. तिनं खोलीवरून नजर फिरवली, खुर्चीवरून, पलंगाच्या कोपऱ्यावरून, तिथे पाय आखडून बसलेल्या त्याच्यावरून. तो पाय आखडून बसला आहे, हे त्यालाही तेव्हाच दिसलं. मग तिच्या चेहऱ्यावर एक जुनी, ओळखीची मऊ छटा आली. जिच्यावर तो इतकी वर्षं विसंबून होता ती.

"परतीची गाडी किती वाजता हाये तुयी?" तिनं विचारलं.

"पावणेसातची," तो म्हणाला.

लगेच म्हणाला. एक श्वाससुद्धा मधे गेला नाही. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं, सगळं अंग हलकं झालं, पाय आपोआप सैल झाले, आणि आपल्याला किती बरं वाटलं ते कळल्यावर तो एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घाबरला. त्यानं ते परत घ्यायला तोंड उघडलं. पण ती उठली होती. तिनं केसांतली पेन्सिल काढून कागदांवर ठेवली आणि त्याच्या खांद्यावरून ओझरता हात फिरवला.

"मंग लवकर जेवून घे," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं डब्यातून एका माणसापुरती कणीक काढली. ती स्वतः नंतर जेवणार होती, तानुबाईंबरोबर, रोजच्यासारखी.